राग कुठे जातो?

वॉर्डात कुणी कुणावर चिडायचं, हे न सांगताच ठरलेलं असतं. मोठे डॉक्टर राउंडला रेसिडेंटवर चिडतात, रेसिडेंट सिस्टरवर, सिस्टर आयाबाईवर. पेशंटसोबत आलेले नातेवाईक, इथे इंदूरला ज्यांना अटेंडर म्हणतात, ते मात्र जो समोर दिसेल त्याच्यावर. आणि रात्री अडीच वाजता समोर एकटी सिस्टरच असते.

हा पाहा तिचा वॉर्ड. कोपऱ्यातल्या बेडचं सलाईन संपत आलंय. अटेंडर टेबलावर हात आपटतो, "कब से बोल रहे हैं, कोई सुनता ही नहीं!" "आती हूँ भैया," एवढंच ती म्हणते. हातातल्या इंजेक्शनचं नाव, डोस आणि बेड नंबर पुन्हा एकदा पडताळते आणि मगच उठते. आवाज जराही चढलेला नाही. जबडा मात्र घट्ट आवळलेला आहे.

राग कुठे जातो, हे मोजायला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी 1988 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात राग बाहेर काढणं, आत गिळणं आणि आवरणं यांचं मोजमाप वेगवेगळं होतं. आपण गिळण्यालाच आवरणं समजतो. प्रत्यक्षात आवरलेला राग निवतो, गिळलेला आत धुमसत राहतो.

मग ओरडून मोकळं व्हावं का? तेही महागात पडतं. 2014 साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे पावणेपाच पट दिसला. 2024 मधला अमेरिकेतला प्रयोग तर या सिस्टरसाठीच केला असावा असं वाटतं. निरोगी माणसांना 8 मिनिटं फक्त जुना संतापाचा प्रसंग आठवायला सांगितला. त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झाली आणि हा परिणाम 40 मिनिटांपर्यंत टिकला.

नुसत्या आठवणीने! नाइट संपवून सुदामानगरला परतताना स्कूटीवर ती तेच तर करत असते. त्याने काय म्हटलं, आपण काय म्हणायला हवं होतं. घरी पोचल्यावर डब्यावरून मुलावर खेकसते. "आई, आल्यापासून ओरडतेयस," तो म्हणतो.

यावर बहुतेकदा प्राणायामाचं शिबिर भरवलं जातं. प्राणायाम चांगलाच, पण अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवून तिलाच शांत राहायला शिकवणं हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली बर्नआउटचं, म्हणजे कामाने पार थकून-विझून जाण्याचं, मूळ कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या ताणात दाखवलं, माणसाच्या स्वभावात नाही.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, ती ताप, सलाईन, लघवीचं प्रमाण, सगळं सांगते. रात्रीच्या शिवीगाळीबद्दल कुणी विचारत नाही. ते विचारलं गेलं पाहिजे. रात्रपाळीला जोडीला दुसरी सिस्टर द्या, दारावर गार्ड ठेवा. शिवीगाळ झाली तर तिची नोंद ओव्हरच्या वहीत होऊ द्या आणि त्या अटेंडरशी सकाळी इनचार्जनी स्वतः बोलावं.