फुग्याने गोठवायचा इलाज: एएफ असणाऱ्यांसाठी थोडं मोकळेपणाने

मघाशी एका काकांनी विचारलं, डॉक्टर, हार्टला बर्फ लावून ठोके सरळ होतात हे खरं का, तर तिथूनच सुरू करू. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे नीट न आकसता थरथरतात आणि ठोके वेडेवाकडे पडतात तो आजार. बर्फ वगैरे काही नसतो हो. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डाव्या वरच्या कप्प्यात शिरतात, आणि तिथे नळीच्या टोकाचा फुगा फुगवतात, साधारण २८ मिलिमीटरचा. फुफ्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरा त्या कप्प्यात उघडतात, बहुतेकांना चार असतात, त्यातल्या एकेकीच्या तोंडावर हा फुगा बुचासारखा बसवायचा आणि आत नायट्रस ऑक्साइड सोडायचा. द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो, टेंपरेचर उणे ४०-५० पर्यंत उतरतं, तीनेक मिनिटं तसंच ठेवायचं. शिरेच्या तोंडाभोवती गोल व्रण तयार होतो आणि त्यातून ठोके चालवणारा विजेचा करंट पलीकडे जात नाही.

आता शिराच का? फ्रान्समध्ये बोर्दो शहरात हैसागेर नावाच्या हृदयतज्ज्ञाने आणि त्यांच्या टीमने १९९८ मध्ये दाखवलं की एएफ पेटवणारे जादा ठोके बहुतेक वेळा या शिरांच्या आतूनच येतात. आधी हे काम एकेक ठिपका जाळत करायचे, अजूनही करतात, फुग्याने मात्र सगळं वर्तुळ एका दमात होतं. दोन्हींची तुलना २०१६ मध्ये ७६२ पेशंटवर झाली, फुगा कुठे कमी पडला नाही. पण ते सगळे येऊन-जाऊन असणाऱ्या एएफवाले होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा सात दिवसांच्या वर टिकलेला, आपणहून न थांबणारा एएफ आहे, आणि तिथे गोष्ट जरा अवघड होते. अमेरिकेत येऊन-जाऊनवाल्यांसाठी फुग्याला परवानगी २०१० मध्येच मिळाली, टिकून राहणाऱ्यासाठी यायला २०२० उजाडलं. त्या परवानगीमागच्या अभ्यासात १६५ पेशंट होते आणि वर्षभराने साधारण ५५ टक्के लोक ठीक. चेहरे पडले ना? पण मोजायची पट्टी बघा, पहिले तीन महिने सोडून पुढे ३० सेकंदांचा एएफ जरी सापडला तरी तो पेशंट नापास. म्हणजे जो माणूस आधी एक जिना चढताना तीनदा थांबायचा आणि आता बाजारहाट करून येतो, तोही नापासात जाऊ शकतो. मला ही पट्टी फार कडक वाटते, असो.

कमी यश का, तर जुन्या एएफमध्ये कप्पा ताणून मोठा झालेला असतो, स्नायूत व्रण पडलेले असतात, ठिणगी बंद केली तरी स्नायूच बिघडलेला. मग शिरांखेरीज आणखी रेषा जाळून बघितल्या, २०१५ च्या मोठ्या अभ्यासात त्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून मी म्हणतो वर्षानुवर्षं अंगावर काढू नका, आणि वजन, बीपी, दारू, घोरणं याकडे बघा, नाहीतर फुगा एकटा काय करणार.

धोके आहेतच, जांघेत रक्त साकळणं, क्वचित हृदयाभोवती रक्त साचणं, अगदी क्वचित स्ट्रोक. गोठवण्याचा खास धोका उजव्या बाजूला, तिथे शिरेलगत श्वासाच्या पडद्याची नस जाते. म्हणून उजवीकडे गोठवताना त्या नसेला मुद्दाम करंट देऊन पडदा उडवत राहतात आणि एकजण पेशंटच्या पोटावर हात ठेवून उभा असतो, उसळी मंद वाटली की लगेच ओरडतो, थांबा. एवढं महागडं मशीन आणि भरवसा हातावर! नस दुखावली तरी बहुतेकांची काही महिन्यांत सावरते.

पहिल्या तीन महिन्यांत धडधड झाली तर प्रोसिजर फेल गेली म्हणून रडत बसू नका, गोठवलेल्या जागेची सूज उतरायला वेळ लागतो. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, कारण एखाद्या शिरेतून करंट परत वाट काढतो.

आणि रक्त पातळ करायची गोळी, हा प्रश्न चिठ्ठीवर सगळ्यात जास्त वेळा आलाय. प्रोसिजरनंतर किमान दोन महिने तरी ती घ्यावीच लागते, पुढे चालू ठेवायची की नाही हे वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधी अर्धांगवायू झालाय का यावर ठरतं, ईसीजी सरळ आलाय यावर नाही.