डब्यात रिमोट किती?

(पडद्यावर : ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ हा जुना गेम. एक मुलगा धावतोय, फळं गोळा करतोय.)

हा टोपीवाला ओळखलात? डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला गवत, हातात दगडी कुऱ्हाड. अंडं फोडलं की कधी स्केटबोर्ड मिळायचा. फळं खाल्ली नाहीत, तर वरची पट्टी उतरत उतरत गडी आपोआप मरायचा. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी याला कधी ना कधी दरीत पाडलेलं आहे.

हा माणूस खरा आहे. त्याचं नाव ताकाहाशी. जपानमधल्या हडसन सॉफ्ट या गेम कंपनीत तो नोकरीला होता. सेकंदाला 16 वेळा बटण दाबतो, म्हणून तिथली पोरं त्याच्यावर फिदा. 1986 मध्ये कंपनीने त्यालाच गेमचा हीरो करून टाकलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, फुकुओकामधल्या एका कार्यक्रमात, समोर मुलं आणि त्यांच्यामागे आईवडील उभे असताना हा पठ्ठ्या बोलून गेला होता, की गेम दिवसातून एकच तास! गेम खपवण्यासाठी पगार घेणाऱ्या माणसाने हे म्हणायचं, म्हणजे हलवायानेच गिऱ्हाइकाला साखर कमी खा म्हणून सांगण्यासारखं. कंपनीने मात्र पुढे त्याचं घोषवाक्यच केलं. शेपटीला आणखी काही ओळी जोडल्या. बाहेर जाऊन खेळा. अभ्यास हेच आपलं काम.

तेव्हा घरात गेमचं यंत्र आणावं की नाही, हा वाद यंत्राइतकाच जुना आहे. आज तोच वाद प्लेस्टेशन 5 या सुमारे 55 हजारांच्या यंत्राचा झालाय, एवढंच. त्या 55 हजारांचं काय करायचं, ते पाहू.

(पडद्यावर : लाल-पांढऱ्या रंगाचं फॅमिकॉम, दोन्ही बाजूंना खोचून ठेवलेले रिमोट.)

15 जुलै 1983. क्योतो शहरातली निंटेंडो ही कंपनी, जी 1889 पासून पत्ते बनवत आली होती, तिने ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, बाजारात आणला. किंमत 14,800 येन. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना स्वतःला गेमचं फारसं वेड नव्हतं, पण धंद्याची नजर पक्की होती. कीबोर्ड नको, लोक बिचकतात. किंमत कमी हवी. इंजिनियर मासायुकी उएमुरा यांनी त्या चौकटीत बसणारं यंत्र करून दाखवलं. सुरुवातीच्या काही यंत्रांमध्ये चिपचा दोष निघाला, ती परत बोलावून दुरुस्त करून द्यावी लागली. त्यानंतर मात्र हे यंत्र, त्याच्या अमेरिकन अवतारासकट, सहा कोटींहून जास्त खपलं.

त्या यंत्राची एक गोष्ट फार कुणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर आजच्या खरेदीचं उत्तर तिच्यातच आहे. डब्यात दोन रिमोट यायचे. वेगळे विकत घ्यायचे नाहीत, काढताही यायचे नाहीत. वायरी थेट यंत्रातच जोडलेल्या. दुसऱ्या रिमोटवर तर चक्क मायक्रोफोन होता, ओरडायला. म्हणजे हे यंत्र बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं, की खेळायला दोघं बसणार.

आपल्याकडे आली ती बहुतेक या यंत्राची नक्कल. लिटल मास्टर आणि अशा कितीतरी नावांनी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, तालुक्याच्या गावी इलेक्ट्रॉनिक्सचं एखादं दुकान. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं ‘9999999 इन 1’, आणि आत फिरूनफिरून तेच पंधरा-वीस गेम. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम, रणगाड्यांचा गेम. पण या नकलेसोबतही रिमोट दोनच यायचे. नकलाकारांनी बाकी काहीही बदललं, तरी ते सोडलं नाही.

(पडद्यावर : कॅसेट काढणारा, फुंकर मारणारा, पुन्हा बसवणारा हात.)

ही फुंकर सगळ्यांनी मारली आहे. तिचा उपयोग नव्हता. तोंडातल्या वाफेने कॅसेटचे तांब्याचे पट्टे उलट गंजायचे. गेम चालू व्हायचा, तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. संपर्क नीट जुळायचा. आणि ‘गेम खेळून टीव्हीची ट्यूब उडते’ ही धमकी? ती पूर्ण खोटी नव्हती. तेच चित्र तासन् तास पडद्यावर थांबून राहिलं, तर जुन्या टीव्हीवर त्याचा डाग उमटायचा. आजच्या ओएलईडी टीव्हीलाही हा त्रास होतो. पण मारिओ पळताना टीव्ही बिघडल्याचं मला अजून कुणी दाखवलेलं नाही. ती धमकी मुळात टीव्हीसाठी नव्हतीच. सातच्या बातम्या लावायच्या असायच्या.

तेव्हा घरात गेम यायचा, त्याला आणखी एक कारण होतं. नाक्यावरचं व्हिडिओ गेम पार्लर. नाण्यावर चालणारी यंत्रं, त्यांच्यासमोर ताटकळणारी मोठी पोरं, कोपऱ्यात सिगारेटचा धूर, आणि ‘मुस्तफा’चा गेम. शाळा बुडवून तिथे जाण्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर घरात खेळलेलं बरं, असं म्हणून कित्येक वडिलांनी खिशात हात घातला. यंत्र आणायचं की नाही, असा तो प्रश्न कधी नव्हताच. मूल नाहीतरी खेळणारच आहे, तर कुठे आणि कुणासोबत, एवढंच ठरवायचं होतं.

आजही तेच आहे. फक्त पार्लर आता मुलाच्या हातात आहे. डेटा स्वस्त झाला 2016 नंतर, शाळा मोबाइलवर आली 2020 मध्ये. ज्या घरात ‘आमच्याकडे गेम नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं, त्या घरातही आजीच्या फोनमध्ये दोन गेम असतात.

आणि मोबाइलवरचा फुकट गेम फुकट का असतो, हे एकदा नीट बघायला हवं. तो संपत नाही. संपला तर त्याचा धंदा बसेल. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, आत काय आहे ते न दाखवता विकलेली पेटी. कन्सोलवरचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचे, सगळे गेम धुतल्या तांदळासारखे आहेत, असं अजिबात नाही. ‘फोर्टनाइट’ कन्सोलवरही चालतो. पालकांच्या संमतीशिवाय मुलांकडून खरेदी होत राहिली, यासह इतर तक्रारींवरून तो बनवणाऱ्या एपिक कंपनीला 2022 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी 52 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. फुटबॉलच्या गेममधल्या अशा बंद पेट्यांना बेल्जियमने जुगाराच्या कायद्यात बसवलं, तेव्हा 2019 मध्ये तो गेम बनवणाऱ्या ईए कंपनीला तिथली ती विक्री थांबवावी लागली. तरीही एक फरक उरतोच. कन्सोलवर असे शेकडो गेम आहेत, ज्यांचे पैसे एकदा दिले की हिशोब मिटतो आणि ज्यांना शेवट असतो.

तर, 55 हजार.

(पडद्यावर : दुकानातलं शेल्फ, किमतीच्या चिठ्ठ्या.)

प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला, तेव्हा डिस्कचं मॉडेल 49,990 ला होतं. 2024 मध्ये सडपातळ मॉडेल आलं 54,990 ला, आणि बिनडिस्कचं 44,990 ला. पैसे वाचतात म्हणून बरीच घरं दुसऱ्याकडे वळतात. घरासाठी घेत असाल, तर वळू नका. मोठा नवा गेम 5 हजारांच्या घरात जातो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी बदलता येते, जुनी अर्ध्या किमतीत मिळते. डाउनलोड केलेला गेम तुमच्या खात्याला चिकटून राहतो, तो ना विकता येतो ना मावसभावाला देता येतो. तीन-चार गेममध्ये तो फरक वसूल होतो. विजेचं म्हणाल, तर हे यंत्र मोठा गेम चालवताना साधारण 200 वॉट घेतं. रोज दीड तास धरला, तर महिन्याला 9 युनिट. एसीसमोर काहीच नाही.

आणि आता डबा उघडा. आत रिमोट एक!

1983 मध्ये दोन होते, आज एक. दुसऱ्यासाठी आणखी सुमारे 6 हजार. ही कंजुषी आहेच, पण धंद्याने तोंड कुठे फिरवलं, तेही तिच्यात दिसतं. दोघांनी शेजारी बसून एका पडद्यावर खेळण्याऐवजी, दोघांनी आपापल्या घरी, आपापलं यंत्र घेऊन, आपापली वर्गणी भरून इंटरनेटवर खेळावं, हे कंपनीला जास्त परवडतं. ‘हेलो’ या गेमचं नाव ज्या दोघांच्या खेळामुळे झालं, त्याच्याच पाचव्या भागातून 2015 मध्ये अर्धा-अर्धा पडदा काढून टाकला. लोक चिडले. चिडणारच.

निंटेंडोने मात्र शेजारी बसून खेळायची वाट बऱ्यापैकी सोडली नाही. 2006 मध्ये तिने ‘वी’ आणला. रिमोट हवेत फिरवला की टेनिस, झुलवला की बोलिंग. अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये त्याच्या बोलिंगच्या स्पर्धा भरायला लागल्या. उत्साहाच्या भरात रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळायचे, तेव्हा कंपनीने 32 लाख मनगटी दोऱ्या बदलून दिल्या. दहा कोटींवर यंत्रं खपली, आणि पुढे त्यातली कित्येक कपाटात गेली, हेही खरं. 2017 च्या ‘स्विच’मध्ये तर एकाच रिमोटचे दोन तुकडे होतात, एक तुमच्या हातात, एक समोरच्याच्या.

पण निंटेंडो आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. जे येतात ते बाहेरून येतात, आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. गंमत अशी, की ‘राजी’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला गेम, ज्यात एक मुलगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते, तो 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी आला तो स्विचवरच. पुण्यात बनलेला गेम, आणि तो ज्यावर चालायचा ते यंत्र पुण्यात सरळ मार्गाने मिळत नव्हतं. काही आठवड्यांनी तो इतर यंत्रांवर आला. तो एकट्याने खेळायचा आहे, पण भिंतींवरच्या चित्रांतून पुराणातल्या गोष्टी सांगत जातो. शेजारी आजी बसली असेल, तर ती गेम थांबवायला लावून तुमच्या चुका काढेल. माझ्या मते तेही दोघांनी खेळणंच.

(पडद्यावर : सोफ्यावर वडील आणि मुलगी, दोघांच्या हातात रिमोट. वडील हरताहेत.)

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. 11 ते 16 वयाच्या ज्या मुली आईवडिलांबरोबर वयाला साजेसे गेम खेळायच्या, त्या घराशी जास्त जोडलेल्या दिसल्या आणि त्यांचं वागणंही बरं होतं. मुलांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. गेममुळेच हे झालं, असं यातून सिद्ध होत नाही. कदाचित जे वडील मुलीसोबत गेम खेळायला बसतात, ते इतर वेळीही बसत असतील. मला तर तेच जास्त संभवनीय वाटतं. पण मग बसायला एक निमित्त मिळत असेल, तर वाईट काय?

आता बिघडण्याची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमचं व्यसन 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. रोज खेळणारा प्रत्येक जण त्यात मोडत नाही. शाळा, झोप, माणसं सगळं बाजूला पडलं, नुकसान दिसतंय तरी थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, असं असेल तर. आणि ताकाहाशीचा एक तास? जपानच्या कागावा प्रांताने 2020 मध्ये तो नियमातच घातला. 18 वर्षांखालच्यांना शाळेच्या दिवशी 60 मिनिटं, सुट्टीला 90. दंड काहीच नाही. अंमलबजावणी घरच्यांनी करायची. एक शाळकरी मुलगा कोर्टात गेला आणि 2022 मध्ये हरला. सरकारी नियम झाला तरी शेवटी टीव्ही बंद करायला आईच उठली.

आज ते काम यंत्र करतं. मुलाचं वेगळं खातं काढा, वेळ ठरवून द्या, खरेदीला पिन लावा, आणि कार्डाचा नंबर त्यात साठवून ठेवू नका. मिनिटांवरच नियम ठेवण्यापेक्षा ‘एक सामना’, ‘एक टप्पा’ असा ठेवला तर भांडणं कमी होतात, कारण मध्येच बंद केलेला सामना हरलेला धरला जातो आणि त्यावरूनच पोर पेटतं.

कुणी घेऊ नये, तेही सांगतो. टीव्ही मुलाच्या खोलीत असेल आणि खोलीचं दार बंद होत असेल, तर नको. आईवडील दोघंही रात्री साडेआठच्या लोकलने येत असतील आणि घरात दुसरं खेळणारं कुणीच नसेल, तर तो 55 हजारांचा मोबाइलच होईल, फक्त मोठ्या पडद्याचा. दहावीच्या वर्षात बक्षीस म्हणून आधीच आणून कपाटात कुलूपबंद ठेवणं, हा तर छळ आहे. आणि फक्त बंदुकांचे गेम हवे आहेत, बाकी काही बघायचंच नाही, असं पोर म्हणत असेल, तर आधी त्याच्याशी बोला, दुकानात नंतर जा.

बाकीच्यांनी हॉलमध्ये ठेवा. पहिल्याच दिवशी दुसरा रिमोट घ्या, त्यासाठी एक गेम कमी घ्यावा लागला तरी चालेल. ‘ओव्हरकुक्ड’ लावा, ज्यात दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं असतं आणि ते हमखास पेटतं. ‘इट टेक्स टू’ लावा, जो एकट्याला खेळताच येत नाही. त्याची गोष्ट घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवराबायकोची आहे, एवढं आधी माहीत असू द्या.

तरीही खात्री नसेल, तर मुंबई-पुण्यात कन्सोल भाड्याने मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत दोन रिमोटसह एक आठवडा आणा. पहिले दोन दिवस सगळेच खेळतील, ते धरू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी दुसरा रिमोट कोण उचलतं, ते बघा. कुणीच नाही उचलला, तर यंत्र परत द्या. डिपॉझिट परत मिळतं, फक्त डब्यातल्या वायरी मोजून भरा.