मीठ गाळणारं झाड

दुपारचे बारा. वर्सोव्याच्या खाडीला ओहोटी लागलीय. चिखलात उभी आहेत ती तिवराची झाडं. हे पान जवळून बघा. पांढरं चमकतंय ती धूळ नाही, मीठ आहे. जिभेला लावलं तर खारट लागतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. हे पाणी कुंडीतल्या तुळशीला घातलं तर ती मान टाकेल. असं का होतं, ते कोळीवाड्यातल्या या परातीत दिसतं. सुरमईच्या तुकड्यांना मीठ चोळलं आणि बघता बघता पाणी सुटलं. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी पेशीपटल ओलांडून तिकडे जातं. शाळेत आपण ज्याला परासरण म्हणायचो, ते हेच.

मग तिवराला पाणी का सुटत नाही?

पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी थर. जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा हजार पटलं सहज मावतील. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे कण, म्हणजे आयन, विद्युतभारित असतात, त्यामुळे या तेलकट थरातून त्यांना वाट मिळत नाही. पाण्यासाठी मात्र पटलात खास प्रथिनांच्या नळ्या असतात, ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. पाण्याचे रेणू एकामागोमाग एक आत येतात. त्यांना ओढतं ते ऊन! पानांतून बाष्प उडतं, तो ताण थेट मुळांपर्यंत पोचतो. पाणी आत येतं, नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ मुळाशीच अडतं.

उरलेलं मीठ पानांतल्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. इथे आपोआप काही होत नाही. कमी मिठाकडून जास्त मिठाकडे ढकलायचं, म्हणजे पटलातले पंप सतत चालवावे लागतात. पंपांना ऊर्जा हवी, ऊर्जेला ऑक्सिजन. पानांना तो हवेतून मिळतो, पण मुळांच्या पेशींनाही तो लागतो, आणि या काळ्या चिखलात तो जवळपास नाहीच. म्हणून ही मुळं बघा, पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली. झाड इथून श्वास घेतं.

आणि हा राडारोडा. रात्रीत डंपर रिकामा होतो, मुळं गाडली जातात, झाड गुदमरतं. कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या झाडांचं हे खाडीतलं जंगल, तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली आहे.

भरती चढतेय. विटांच्या ढिगाऱ्याशेजारी उघडी राहिलेली मुळं एकेक करून पाण्याखाली जातायत.