पॉलिप केवढा?

(दृश्य: संध्याकाळचा हॉल. निळ्या उजेडातली टाकी. वेव्हमेकरची, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या यंत्राची, घरघर.)

कर्वेनगरातलं आमचं घर. पूर्वी शोकेस होतं त्या भिंतीला आता खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. पाहुणे आले की आधी मासे बघतात, मग खडकाकडे बोट दाखवून विचारतात, "ही झाडं खरी का हो?"

झाडं नाहीत ती. प्राणी आहेत. एक तोंड, तोंडाभोवती बारीक हातांसारखी शुंडकं आणि खाली पोट. या एका जिवाला पॉलिप म्हणतात. कोरल, म्हणजे प्रवाळ, म्हणून आपण जे बघतो ती बहुतेक वेळा अशा शेकडो जिवांची वसाहत असते. म्हणून कोरल घेताना रंगाच्या आधी पॉलिप बघावा, असं मला मनापासून वाटतं. त्याचं जगणं तिथेच कळतं.

(क्लोजअप: पाण्यात धरलेली प्लॅस्टिकची फूटपट्टी.)

मोजायचं तर पट्टी पाण्याच्या आत, पॉलिपच्या शेजारी धरायची. काचेबाहेरून मोजलं की फसगत होते, पाण्यातली वस्तू आहे त्याहून मोठी दिसते.

हे झोआ नावाचं कोरल. बशी, म्हणजे तोंडाभोवतीची चकती, जेमतेम सात मिलिमीटर, काठावर शुंडकांच्या दोन ओळी. शेजारच्या दगडावरची ही पॅली, म्हणजे पॅलिथोआ, बावीस मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याएवढी. दोघी एकाच गणातल्या, पण पॅली वाळूचे कण अंगात मुरवून घेते. तिचा देठ हातमोज्यातूनही खरखरीत लागतो. आणि हातमोजे हवेतच. पॅलीटॉक्सिन हे जहाल विष 1971 साली हवाईच्या किनाऱ्यावरच्या पॅलीपासूनच वेगळं केलं गेलं. प्रत्येक पॅलीत ते असतंच असं नाही, पण नुसतं बघून ओळखता येत नाही. पॅली असलेला दगड साफ करायला त्यावर उकळतं पाणी कधीही ओतू नका. विष हवेत उडतं, घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातं.

(दृश्य: त्याच झोआचे दोन तुकडे, एक वर दिव्याजवळ, एक खाली कपारीत.)

आता हे बघा. दोन्ही तुकडे एकाच वसाहतीतून कापलेले, म्हणजे रक्त एकच. वरचे सात मिलिमीटरचे, आखूड देठाचे, खडकाला चिकटून बसलेले. खालचे अकरा मिलिमीटरचे, मान उंचावून उभे. कपारीत उजेड कमी, म्हणून बशी रुंद होते आणि देठ लांबतो. पॉलिप मोठा दिसला म्हणजे तब्येत उत्तम, असं धरून चालू नये. कधी कधी तो उजेडासाठी ताणलेला असतो.

(दृश्य: चिमट्यात मायसिस, कोळंबीसारखा बारीक जीव.)

हे केसाळ मशरूम नावाचं कोरल. अख्खं नऊ सेंटिमीटर, आणि एवढा हा एकच पॉलिप! मधोमध मायसिस ठेवला. काही क्षण काहीच नाही. मग कडा हळूहळू वर येतात, आणि नाडी ओढल्यावर बटवा आवळावा तसं ते मिटतं. आत पोट कामाला लागलं.

ढोबळ हिशेब असा, की मोठ्या तोंडाला मोठा घास पकडता येतो. बारीक पॉलिपवाल्यांची भिस्त जास्त करून त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर. उजेड पडला की ती शैवालं अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला मिळतो. नियम काटेकोर नाही. माझे झोआ घास दिला तरी बहुतेकदा सोडून देतात, पॅली मात्र झडप घालते.

(दृश्य: हिरवं गवत पसरावं तसं ग्रीन स्टार पॉलिप नावाचं कोरल.)

याची शुंडकं मोजायला आईला भिंग दिलं. तिने दोनदा मोजली. आठ. तिच्या अंगठीतलं पोवळंही याच आठ शुंडकांच्या गोतावळ्यातलं. आपण बोटात घालतो तो त्या वसाहतीचा लाल सांगाडा, जिवंतपणी त्यावर पांढरे, इवलेसे पॉलिप फुलतात. ती फुलंच, असं युरोपातले अभ्यासक मानत होते. 1720च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने ते प्राणी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचं कोणी ऐकलं नाही.

खडक बांधणारी टणक प्रवाळं या टाकीत नाहीत. 2001 पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रातून ती उचलून आणायची नाहीत, विकत मागायची नाहीत. त्यांच्या पॉलिपच्या आकारांतला फरक तर याहून अफाट आहे. माँटिपोराचा पॉलिप मिलिमीटरभरही नसतो, आणि फंजियाची ताटलीएवढी चकती म्हणजे एकच पॉलिप. टणक प्रवाळं बघायला मालवणला जावं, मास्क लावावा, हात मागे ठेवावेत.

(दृश्य: कोपऱ्यातलं टोडस्टूल लेदर, छत्रीसारख्या टोपीचं कोरल.)

हे चार दिवस मिटून होतं. वर मेणासारखा थर, रंग फिका. पहिल्या वेळी मी घाबरून पाणी बदललं होतं. ते कात टाकतं, एवढंच. या एकाच टोपीवर दोन तऱ्हेचे पॉलिप असतात. काही शुंडकांचे, खाणारे. बाकीचे ठिपक्याएवढे, शुंडकांशिवाय, आतलं पाणी खेळतं ठेवणारे.

आज सकाळी वेव्हमेकरच्या झोतात तो थर सुटला. मग कडेने एकेक पॉलिप वर येऊ लागला. पट्टी लावली: तीन मिलिमीटर. दुपारी पुन्हा लावली तेव्हा बारा मिलिमीटर.

(दृश्य: अजून उघडत असलेली टोपी. आवाज फक्त पाण्याचा.)