कढीपत्ता कोणासाठी लावलाय?

नमस्कार. विषय दिलाय 'परसातले परागवाहक', म्हणजे या फुलावरून त्या फुलावर पराग नेणारे जीव, तिकडे मी येतोच, पण सुरुवात कढीपत्त्यापासून करू द्या, कारण फोंड्यात काय नि म्हापशात काय, न्हाणीघराच्या पाण्यावर वाढलेलं कढीपत्त्याचं एखादं झाड परसात असतंच. एका वहिनींचा फोन आला, "दादा, कढीपत्त्यावर पक्ष्यांनी घाण केलीय, आणि ती घाण चालतेय!" अहो, ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तोंड लावत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. तिला काडीने हळूच डिवचा, डोक्यामागून तांबडी दुहेरी शिंगं बाहेर येतात आणि असा उग्र वास सुटतो ना! (याच्याच काही माद्या विषारी कॉमन रोझ फुलपाखराचं रूप घेतात, पण त्याला वेगळा तास लागेल.)

तर गेल्या श्रावणात माझ्या झाडावर अकरा अळ्या होत्या, मी रोज सकाळी मोजायचो, नात पण मोजायची. दोन दिवस उघाड मिळाली आणि आमच्या कॉलनीतल्या एकांनी कुंपणाला किडे झाले म्हणून पंपवाला बोलावला. आता औषधाचा फवारा काय गडग्यापाशी थांबतो? दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा काळ्या पडून लोंबत होत्या. त्या आठवड्यात तुळशीच्या मंजिऱ्यांवर एक मधमाशी नाही. नात विचारत राहिली, मला अजून उत्तर देता आलेलं नाही. लोक येऊन विचारतात, फुलपाखरं यायला कुठली फुलं लावू? फुलं लावाच, पिटकोळी (इक्सोरा) लावा, पण अंडी घालायला फुलपाखराच्या मादीला पान लागतं, आणि ते खाल्लेलं आपल्याला बघवत नाही. हळदीचं पान गुंडाळून आत अळी बसलेली दिसली की आपण पातोळ्यांच्या काळजीने उपटून टाकतो, ती ग्रास डेमन फुलपाखराची असते. चार पानं तिला द्या, चवथीला उरतात तेवढी पुरतात.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिली. मग परागवाहक भराभर सांगतो.

आगशी गावची वांगी सगळ्यांना हवीत. वांग्याच्या फुलात पराग नळीत बंद असतो, नळीच्या टोकाला बारीक भोक. मधमाशीला तो निघत नाही. काळा भुंगा फूल पकडून अंग असं थरथरवतो की पराग मिठासारखा भुरभुरतो. तो भुंगा सुक्या लाकडात, बांबूत घर करतो, तेव्हा जुना वासा पडलेला असेल तर सगळाच जाळू नका. भिंतीच्या फटीत बारीक काळ्या, नांगी नसलेल्या मधमाश्या दिसतील, त्या डंख मारत नाहीत, सिमेंट लावून फट बुजवू नका. पपईपाशी संध्याकाळी जाऊन उभे राहा, मोठे पतंग येतात, तेव्हा अंगणातला दिवा जरा बंद ठेवा.

बाहेर टेबलावर कढीपत्त्याची रोपं आहेत, फुकट आहेत. दोन रोपांच्या कोवळ्या पानांवर मोहरीएवढी पिवळसर अंडी आहेत, ती पुसू नका, तशीच न्या.