कापलेली स्ट्रिप आणि डॉक्सिसायक्लिन

(ठाण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर ‘डॉक्सिसायक्लिन : वापर आणि दुष्परिणाम’ असं लिहिलंय. डॉक्सिसायक्लिन, लाडाने डॉक्सी, म्हणजे जंतूंवरचं एक अँटिबायोटिक. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा विषय वेळेवरचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कोण कुठे अडकलं होतं हे मी विचारत नाही, नाहीतर आजची संध्याकाळ त्यातच जाईल. (हशा) त्या पुरामागोमाग मुंबईत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची साथ आली. उंदरांच्या लघवीतला जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे, भेगांवाटे शरीरात शिरतो. म्हणून पाणी तुंबलं की पालिका सांगते, त्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सी घ्या. सल्ला चांगलाच आहे. माझं त्या गोळीशी भांडण नाही. माझं भांडण आहे औषधाच्या दुकानातल्या, स्ट्रिप कापणाऱ्या कात्रीशी.

मी नोकरीभर रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे बसले. खिडकीतून माणसाचा चेहरा अर्धाच दिसतो, पण हातातली स्ट्रिप पूर्ण दिसते. दिसायला हवी, म्हणजे! हातात यायचा तो तुकडा. दोन गोळ्यांचा, तीन गोळ्यांचा, कडा अशा की बोट कापेल. आणि प्रश्न ठरलेला : ‘ताई, ही कशाची गोळी?’ मला काय स्वप्न पडतं? नाव एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा दुकानाच्या खणात किंवा आणखी कोणाच्या तरी घरी. २०१६ साली केंद्र सरकारने लोकांना अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवरची ती तांबडी उभी रेघ ओळखायला शिकवण्याची मोहीम काढली. रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उत्तम मोहीम. पण रेघ वाचायला आधी स्ट्रिप शाबूत हवी ना?

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सांगते. नाव सांगत नाही, त्यांचे व्याही इथे बसलेले असू शकतात. (हशा) स्टेशनवरून गुडघाभर पाण्यातून घरी आले. पालिकेचा सल्ला पाठ होता, त्यातला ‘डॉक्टरांना विचारून’ एवढा भाग सोडून. औषधांचा स्टीलचा डबा काढला. तो डबा आपल्या प्रत्येकाकडे आहे, माना डोलावू नका, मला माहीत आहे. त्यात चार कॅप्सूलचा तुकडा सापडला. मागे नावाची नुसती शेपटी उरलेली, ‘सायक्लिन’. यांनी ठरवलं, ही डॉक्सीच. रात्री अकराला दोन कॅप्सूल तोंडात टाकल्या, वर कपातला उरलेला घोटभर चहा घेतला आणि आडवे झाले.

पहाटे छातीच्या मधोमध आग. हार्ट अटॅक म्हणून सगळी सोसायटी जागी. मुलाने गाडी काढली, इस्पितळात ईसीजी झाला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत! पण थुंकी गिळायची तरी डोळ्यांत पाणी. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेत व्रण दिसला. हे डॉक्सीचं जुनं, नोंदलेलं कर्तृत्व आहे. औषध आम्लधर्मी. पाणी कमी पडलं आणि माणूस लगेच आडवा झाला की कॅप्सूल नलिकेतच चिकटते, तिथेच विरघळते आणि अस्तर भाजून काढते. व्रण बरा झाला, पण माझा मुद्दा पुढेच आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? यांनी ऐटीत तुकडा पुढे केला. कंपनी नाही, किती मिलिग्रॅम ते नाही, बॅच नाही, तारीख नाही. डॉक्टर काय करणार? अंदाज!

(श्रोत्यांतून प्रश्न : ‘पण डॉक्टर सहाच गोळ्या लिहितात. दहाची पूर्ण स्ट्रिप कशाला घ्यायची?’)

बरोबर आहे काका, उरलेल्या चार पुन्हा डब्यातच जाणार. सहाच घ्या. पण ज्या टोकाला तारीख छापली आहे ते टोक मागून घ्या. दोन्ही गिऱ्हाइकांना तारीख मिळणार नाही हे मान्य, म्हणून बिल मागा. बिलावर नाव, बॅच, मुदत असते. ते आणि तुकडा एकाच पाकिटात ठेवा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

तारखेवर मी एवढी का अडते? १९६३ साली अमेरिकेत काही रुग्णांनी मुदत उलटलेली टेट्रासायक्लिन घेतली, ही डॉक्सीची थोरली बहीण. उलट्या झाल्या, लघवीतून साखर, प्रथिनं जायला लागली, मूत्रपिंडातल्या नलिका बिघडल्या. औषध बंद केल्यावर सुधारले. तेव्हाच्या कॅप्सूलमध्ये सायट्रिक ॲसिड असायचं, ते पुढे काढलं. तरी दमट हवेतल्या, बाथरूमच्या कपाटातल्या गोळीवर मी विश्वास ठेवत नाही. आणि या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४८चं. ते मातीतल्या एका सोनेरी बुरशीसारख्या जिवाणूपासून डुग्गर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत काढलं, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रचे. त्यांच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान... हो, अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं.

मग फळ्यावरचा विषय आता पळत पळत. पेलाभर पाणी, घोटभर नाही. नंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर बसा किंवा उभे राहा, झोपण्यापूर्वी तर घेऊच नका. मळमळत असेल तर जेवणाबरोबर चालेल. ‘औषध उष्ण पडतं, दुधाबरोबर घे’ हे मात्र इथे विसरा, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. तुमच्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, पित्तावरची पातळ औषधं, जस्त, सगळं दोन-तीन तास लांब. लोहाच्या बाबतीत डॉक्टरांना जरूर विचारा.

ऊन बाधतं, त्वचा भाजल्यासारखी लाल होते. छत्री, टोपी, पूर्ण बाह्या. रक्त पातळ करणारी वॉर्फेरिन घेणाऱ्यांनी आधी सांगा, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वाढू शकतो. फिट्सची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर डॉक्सीचा असर कमी होतो, तेही सांगा. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल, यांना स्वतःच्या मनाने अजिबात नाही. आपल्या पिढीत कित्येकांच्या दातांवर पिवळट-करडे पट्टे आहेत, ते लहानपणीच्या टेट्रासायक्लिनचे असू शकतात.

नातवंडं मुरुमांसाठी डॉक्सी घेत असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचंच दुसरं औषध त्याच्याबरोबर नको, मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. जबर डोकेदुखी, अंधुक दिसणं झालं की गोळी थांबवून लगेच डॉक्टर. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर थेट इस्पितळ. पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब, गोळी संपल्यानंतर काही आठवड्यांनीसुद्धा, तर घरगुती उपाय नकोत. आणि लेप्टोसाठी गोळी घेतली म्हणून ताप अंगावर काढू नका, ती शंभर टक्के कवच नाही.

शेवटचं. औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवता येतो. रुग्ण स्वतः फोन करू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाची टोल-फ्री हेल्पलाइन आहे : १८००-१८०-३०२४. फोनवर ते पहिल्यांदा औषधाचं नाव आणि बॅच विचारतील, तेव्हा... हो हो, थांबते. मागच्या रांगेत नंबर ऐकू आला नाही का? पुन्हा सांगते, घ्या लिहून. एक आठ शून्य शून्य, एक आठ शून्य, तीन शून्य दोन चार.