नाव कार्डात कुणाचं?

(सकाळ. पत्र्यावर पावसाचा आवाज. मांडीवर सूप, सुपात ओली पानं, आणि दोन बायकांचे हात.)

कर्नाटकातल्या निपाणीच्या या गल्लीत दिवस कात्रीच्या आवाजानं उजाडतो. रात्री भिजवलेली टेंभुर्णीची पानं फडक्यातून बाहेर निघतात. पत्र्याचं माप ठेवून पान कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचं. मजुरी हजार विड्यांमागे. संध्याकाळी कारखान्यावर विड्या मोजून घेतात आणि त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढतात. छाट गेली की तेवढी मेहनतही गेली.

माझी आजी याच गल्लीत विड्या वळायची. शेवटच्या आजारपणातही सूप जवळ लागायचं तिला. "हात चालत्यात तवर घर आपलं," म्हणायची. लहानपणी मला त्यात तिचा कष्टाळूपणा दिसायचा. आज कळतं, ती भीती होती. हात थांबले तर आपण कुणाचे, याची भीती.

(मावशींचा चेहरा. डोळ्यांवर चष्मा.)

या मावशी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. फंड कापला जायचा म्हणून त्यांना पेन्शन बसली. १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४ साली ठरली, महिना १००० रुपये. मावशी तेवढेच घेतात. त्यानंतर गॅस कितीनं वाढला आणि डाळ कितीनं, ते त्यांना तोंडपाठ आहे.

मग ३० ऑगस्ट २०२३ ला कर्नाटकात गृहलक्ष्मी सुरू झाली. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात महिना २००० रुपये. मावशींना विचारलं, पहिल्या पैशांचं काय केलंत?

"चष्मा केला. कुणाला इचारलं न्हाई."

त्या 'कुणाला इचारलं न्हाई'पाशी मी बराच वेळ थांबलो. आयुष्यभर कमावणाऱ्या बाईच्या हातात न विचारता खर्च करायचे पैसे अडुसष्टाव्या वर्षी आले. हप्ता कधी लांबतो, कधी दोन एकदम येतात, आणि मग गल्लीत एकच प्रश्न फिरत राहतो: "आलं काय गं?"

(शेजारी बसलेली लेक. ती मान वर करत नाही.)

मावशींच्या शेजारी त्यांची लेक बसली आहे. नवऱ्यानं टाकल्याला नऊ वर्षं झाली. तीही तेवढीच पानं कापते, तेवढ्याच विड्या वळते. पण तिचं नाव आईच्या कार्डात आहे आणि प्रमुख आई. म्हणून तिला काही नाही.

(हायवे. कोगनोळीचा टोलनाका, पुढे दूधगंगेचा पूल.)

इथून कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. कागलला मावशींची धाकटी बहीण दिली आहे. तिकडे जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना आहे, महिना १५०० रुपये, वय २१ ते ६५. त्या यादीत परित्यक्ता हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. म्हणजे ही लेक पुलापलीकडे राहत असती तर तिला पैसे मिळाले असते, आणि पासष्टी ओलांडलेल्या मावशी त्यातून बाहेर पडल्या असत्या. त्यांना तिकडे निराधारांच्या दुसऱ्या योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला घेऊन फिरावं लागलं असतं. एकच रक्त, एकच बोली, एकच धंदा. इकडे आई योजनेत बसते नि लेक सुटते. तिकडे लेक बसते नि आई सुटते.

सीमेचा वाद आम्ही जन्मापासून ऐकतो. कुठला तालुका कुणाचा, यावर आमच्या दोन पिढ्या मोर्च्यांत गेल्या, आणि ते दुःख खरं आहे. पण या दोघींच्या पोटाचा प्रश्न दोन्ही राज्यांत अर्धा अर्धाच सुटतो.

(निपाणी. जुन्या वखारींच्या भिंती.)

१९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेसाठी याच निपाणीत आले होते. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं मसुदा केलेल्या संविधानात ४१ वा अनुच्छेद आला. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत राज्यानं माणसाला मदत करावी, आणि ती हक्क म्हणून मिळण्याची तजवीज करावी. पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आणि ३७ वा अनुच्छेद सांगतो की ही तत्त्वं कोर्टात जाऊन मागता येणार नाहीत. म्हणून आपल्याकडे योजना येतात. योजनेला नाव असतं, फोटो असतो, सुरुवात असते, आणि एक दिवस शेवटही असतो. हक्काला तसं काही नसावं.

लोक म्हणतात, फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास 'सेवा' या संघटनेनं काही गावांत करून पाहिलं. गावातल्या प्रत्येकाला महिन्याला ठरावीक पैसे, कसलीही अट न घालता. मोठ्या माणसाला आधी २०० रुपये, मुलाला १००. म्हातारीला तिचे, सुनेला तिचे, टाकलेल्या लेकीला तिचे. लोकांनी काम सोडलं नाही, उलट वाढवलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की पैसे माणसागणिक होते. कार्डात प्रमुख कोण, हे विचारायची गरजच पडली नाही.

(संध्याकाळ. लेकीच्या हातात एक छापील कागद.)

लेकीनं वेगळ्या रेशन कार्डासाठी अर्ज आणला आहे. कागद कानडीत आहे, तिची शाळा मराठी. शेजारचा पोरगा बोट ठेवून एकेक रकाना वाचून दाखवतो. नाव, वय, पत्ता. मग पतीचं नाव.

"ते लिवायलाच पायजे काय?" ती विचारते.

पोरगा कागद उलटून बघतो. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही. मावशी चष्मा पुसतात. कारखाना बंद व्हायची वेळ झाली आहे, आणि सुपात अजून शंभरभर विड्या वळायच्या राहिल्या आहेत.